घटक ४ : एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ – पात्राची नजर आणि कॅमेरा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास –

• मुर्नाऊ यांच्या जीवनातील व चित्रपट-कारकिर्दीतील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• कथात्म साहित्यातील दृष्टिकोन आणि चित्रपटातील दृष्टिकोन यांतील साम्य व भेद स्पष्ट करता येतील.
• कॅमेऱ्याची जागा, हालचाल, भिंगाची स्पष्टता-अस्पष्टता आणि प्रतिमांचे मिश्रण यांतून पात्राचे मन कसे व्यक्त होते, हे उदाहरणांसह सांगता येईल.
• आपण पाहिलेल्या एखाद्या चित्रपटातील प्रसंगाचे या दृष्टीने विश्लेषण करता येईल.

४.२ प्रस्तावना

कथा-कादंबरीचा अभ्यास करताना दोन प्रश्न आपण नेहमी विचारतो. ही गोष्ट कोण सांगत आहे? आणि ती कोणाच्या नजरेतून दिसत आहे? विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीत चक्रधर स्वतःची कहाणी स्वतः सांगतो. त्याला जे दिसते, जे जाणवते, तेवढेच वाचकाला कळते. ‘मी’ हे एक सर्वनाम आले की वाचक त्या पात्राच्या मनात शिरतो.

चित्रपटाजवळ असे सर्वनाम नाही. कॅमेरा वस्तू बाहेरून टिपतो. माणसाचा चेहरा, त्याचा अंगरखा, त्याच्या समोरचे दार हे सर्व त्याला दाखवता येते. पण त्या माणसाला ते दार कसे वाटते, हे तो कसे सांगणार? मूकपटाच्या काळात तर संवादही ऐकू येत नव्हते. त्यामुळे पात्राच्या मनातले सांगायचे झाले की दिग्दर्शक पडद्यावर अक्षरांची पाटी आणीत आणि प्रेक्षक ती वाचीत. म्हणजे मनातले सांगण्यासाठी चित्रपटाला पुन्हा साहित्याकडेच हात पसरावा लागे.

ही उसनवारी थांबवून कॅमेऱ्यालाच पात्राच्या नजरेने पाहायला लावण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत जर्मन दिग्दर्शक फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांना अवघे बेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यांतली जेमतेम बारा वर्षे चित्रपटासाठी मिळाली. या घटकात आपण त्यांचे चरित्र पाहणार आहोत. आणि त्या चरित्राच्या आधाराने छायालेखन व दृष्टिकोन यांचा संबंध समजून घेणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बालपण, शिक्षण आणि रंगभूमी

मुर्नाऊ यांचा जन्म २८ डिसेंबर १८८८ रोजी जर्मनीतील बीलेफेल्ड या गावी झाला. त्यांचे मूळ आडनाव प्लुम्पे. वडील कापडाच्या व्यवसायात होते. पुढे हे कुटुंब कासेल येथे राहावयास गेले. घरची स्थिती चांगली होती आणि मुलाला वाचनाची व नाटकाची ओढ होती.

विद्यापीठीय शिक्षणासाठी ते प्रथम बर्लिनला आणि नंतर हायडेलबर्गला गेले. भाषाशास्त्र, साहित्य आणि कलेचा इतिहास हे त्यांचे विषय होते. हायडेलबर्ग येथे विद्यार्थ्यांच्या एका नाट्यप्रयोगात त्यांना पाहून त्या काळचे श्रेष्ठ नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी त्यांना बर्लिनला आपल्या संस्थेत बोलावले. तेथे त्यांनी अभिनयाचे आणि दिग्दर्शनाचे धडे घेतले. याच सुमारास त्यांनी प्लुम्पे हे आडनाव सोडले व बव्हेरियातील मुर्नाऊ या गावाचे नाव धारण केले.

या शिक्षणाचे दोन संस्कार लक्षात ठेवण्यासारखे आहेत. कलेच्या इतिहासाने त्यांना चौकटीचा विचार दिला. चित्रकार आकृती कोठे ठेवतो, उजेड कोठून आणतो आणि पाहणाऱ्याची नजर कोठे नेतो, हे त्यांनी अभ्यासले होते. रंगभूमीने त्यांना प्रकाशयोजना आणि नटाच्या देहाची भाषा दिली. परंतु रंगभूमीला एक मर्यादा होती. प्रेक्षक ज्या खुर्चीवर बसला, त्याच खुर्चीतून त्याने सारे नाटक पाहायचे. रंगमंचावरील राजाला दरबार कसा दिसतो, हे प्रेक्षकाला राजाच्या जागी जाऊन पाहता येत नाही. ही मर्यादा ओलांडण्याचे साधन मुर्नाऊ यांना पुढे चित्रपटात सापडले.

४.३.२ महायुद्ध

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि मुर्नाऊ सैन्यात दाखल झाले. त्यांचा अत्यंत जिवलग मित्र, कवी हान्स एरेनबाउम-डेगेले, १९१५ साली पूर्व आघाडीवर मारला गेला. या मृत्यूचा आघात मुर्नाऊ यांच्या मनावर खोलवर झाला.

प्रारंभी पायदळात असलेले मुर्नाऊ नंतर वैमानिक झाले. त्यांच्या विमानाला अनेकदा अपघात झाले; दरवेळी ते वाचले. १९१७ साली धुक्यात वाट चुकून त्यांचे विमान तटस्थ स्वित्झर्लंडच्या भूमीवर उतरले आणि युद्ध संपेपर्यंत त्यांना तेथेच स्थानबद्ध राहावे लागले.

विमानातून जमीन पाहणाऱ्याला एक गोष्ट अनुभवाने कळते. पाहणारा हलला की जग हलते, कलते, फिरते. स्थिर खुर्चीतील प्रेक्षकाला हा अनुभव नसतो. त्यांच्या कॅमेऱ्याला पुढे जी गती आली, तिच्यामागे या अनुभवाचा वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे. मात्र चरित्रातील एका घटनेवरून कलाकृतीचा सारा उलगडा करणे योग्य नव्हे, ही सावधगिरी साहित्याच्या अभ्यासकाने येथेही बाळगावी.

४.३.३ आरंभीचे चित्रपट आणि ‘नोस्फेराटू’

युद्धानंतर १९१९ साली मुर्नाऊ यांनी पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. त्यांच्या आरंभीच्या चित्रपटांपैकी बरेचसे आज नष्ट झाले आहेत. जे उरले, त्यांत सर्वांत गाजलेला म्हणजे ‘नोस्फेराटू’ (१९२२). ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. पण निर्मात्यांनी कादंबरीचे हक्क घेतले नव्हते. स्टोकर यांच्या पत्नीने न्यायालयात दाद मागितली आणि चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. काही प्रती वाचल्या, म्हणून आज हा चित्रपट आपल्याला पाहता येतो.

फ्रिट्झ आर्नो वाग्नर यांनी त्याचे छायालेखन केले. त्या काळी बहुतेक जर्मन चित्रपट स्टुडिओत उभारलेल्या नेपथ्यात होत. मुर्नाऊ यांनी मात्र खरी गावे, खरे डोंगर आणि खरा किल्ला वापरला. मग भय कोठून आणले? तरुण नायक घोडागाडीतून किल्ल्याकडे निघतो, तेव्हा काही क्षण चित्रफीत निगेटिव्ह रूपात दाखवली आहे. झाडे पांढरी होतात, आकाश काळे पडते आणि गाडी अनैसर्गिक वेगाने धावते. रस्ता तोच, परंतु त्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची ओळखीच्या जगावरची पकड सुटली आहे, हे प्रेक्षकाला एकही शब्द न वाचता समजते.

याच वर्षीच्या ‘फँटम’ या चित्रपटात एका गरीब कारकुनाची कथा आहे. एका श्रीमंत तरुणीच्या बग्गीचा त्याला धक्का लागतो आणि त्या क्षणापासून तिच्या ध्यासाने तो झपाटला जातो. त्या अवस्थेत रस्त्याने जाताना दुतर्फा असलेली घरे त्याच्यावर झुकतात आणि त्यांच्या सावल्या त्याचा पाठलाग करतात.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. १९२० साली प्रदर्शित झालेल्या रॉबर्ट वीने यांच्या ‘डॉ. कालिगारीचे कपाट’ या चित्रपटातही भ्रमिष्ट मनाचे जग दाखवले होते. तेथे वाकड्या भिंती आणि तिरप्या खिडक्या नेपथ्यकारांनी रंगवल्या होत्या. कॅमेरा त्यांच्यासमोर बहुधा स्थिर उभा होता. विकृती वस्तूंमध्ये होती. मुर्नाऊ यांनी ती पाहण्यात आणली. जग जसे आहे तसे राहू द्यावे आणि ते पाहणारी नजर बदलावी, हा त्यांचा मार्ग होता. कादंबरीच्या भाषेत सांगायचे, तर त्यांनी वर्णनाऐवजी निवेदन बदलले.

४.३.४ ‘शेवटचा माणूस’

हा मार्ग पूर्णत्वाला गेला तो १९२४ सालच्या ‘डेअर लेत्स्टे मान’, म्हणजे ‘शेवटचा माणूस’ या चित्रपटात. इंग्रजी जगात तो ‘द लास्ट लाफ’ या नावाने ओळखला जातो. निर्मिती ऊफा या बलाढ्य जर्मन संस्थेची, पटकथा कार्ल मायर यांची, छायालेखन कार्ल फ्रॉइंड यांचे आणि मुख्य भूमिका एमिल यानिंग्स यांची. मायर हे ‘कालिगारी’च्या पटकथाकारांपैकी एक होते.

कथा साधी आहे. बर्लिनच्या एका आलिशान हॉटेलच्या दारात एक वृद्ध दरवान उभा असतो. सोनेरी गुंड्यांचा, झुपकेदार गणवेश हे त्याचे वैभव. चाळवजा वस्तीत तो राहतो, तेथे शेजारी त्याला सलाम करतात. एके दिवशी जड पेटी उतरवताना तो थकतो व क्षणभर बसतो, आणि नेमके तेव्हा व्यवस्थापक त्याला पाहतो. दुसऱ्या दिवशी दारात दुसरा माणूस उभा असतो. म्हाताऱ्याला तळघरातील स्वच्छतागृहात टॉवेल देण्याच्या कामावर नेमले जाते आणि त्याचा गणवेश काढून घेतला जातो. घरात लग्न आहे. वस्तीत तोंड दाखवता यावे, म्हणून तो रात्री गणवेश चोरतो. पण खरे उघडकीस येते आणि काल सलाम करणारे शेजारी आज हसू लागतात.

या चित्रपटात निवेदनाची पाटी केवळ एकदाच, शेवटच्या भागाआधी येते. एरवी सारे काही कॅमेरा सांगतो. त्यातील काही प्रसंग क्रमाने पाहू.

पहिला प्रसंग आरंभीचा. कॅमेरा हॉटेलच्या लिफ्टमधून खाली उतरतो, दालनातून पुढे सरकतो आणि फिरत्या दारापाशी येतो. यासाठी फ्रॉइंड कॅमेरा घेऊन सायकलवर बसले होते. ही नजर अजून कोणत्याही पात्राची नाही; ती या जगाची ओळख करून देते. कथेतील सर्वज्ञ निवेदकाशी तिची तुलना करता येईल.

दुसरा प्रसंग बडतर्फीच्या पत्राचा. म्हातारा चष्मा लावून पत्र वाचू लागतो. कॅमेरा आपल्याला ते पत्र त्याच्या डोळ्यांनी दाखवतो आणि अक्षरे धूसर होत जातात. पत्रात त्याच्या वार्धक्याचा व दुर्बलतेचा उल्लेख आहे. आणि ते वाचणारी नजरच अंधुक होत आहे. भिंगाची स्पष्टता कमी करणे ही एक तांत्रिक क्रिया, पण तिच्यात एका माणसाचा सारा अपमान सामावला आहे.

तिसरा प्रसंग चोरीचा. गणवेश घेऊन तो हॉटेलबाहेर पळतो, मागे वळून पाहतो, आणि ती भव्य इमारत आपल्यावर कोसळत आहे असे त्याला दिसते. इमारत अर्थातच जागच्या जागी आहे. कोसळत आहे ती त्याची प्रतिष्ठा.

चौथा प्रसंग लग्नाच्या रात्रीचा. दारूच्या अमलात म्हाताऱ्याभोवती खोली फिरू लागते. यासाठी फ्रॉइंड यांनी कॅमेरा स्वतःच्या छातीला बांधला आणि ते झोकांड्या खात चालले. त्यानंतर त्याला स्वप्न पडते. अनेक हमालांना न उचलणारी पेटी तो एका हाताने उचलतो, हवेत फेकतो व झेलतो आणि दालनातील लोक टाळ्या वाजवतात. ज्या पेटीपायी त्याचे पद गेले, तीच पेटी स्वप्नात त्याला हलकी होते. येथे कॅमेरा डोळ्यांच्याही मागे, इच्छेपर्यंत पोहोचतो.

पाचवा प्रसंग शेजाऱ्यांच्या हसण्याचा. हसणारी तोंडे एकमेकांवर छापली जातात, मोठी होतात, वेडीवाकडी होतात. मूकपटात हसण्याचा आवाज नाही. तरी तो ऐकू आल्यासारखा वाटतो. ही माणसे खरोखर इतकी भेसूर आहेत काय? नाहीत. हसे झालेल्या माणसाला ती तशी दिसतात.

आता एक महत्त्वाचा मुद्दा लक्षात घ्यावा. संपूर्ण चित्रपट म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून दिसत नाही. तसा तो असता, तर यानिंग्स यांचा वाकलेला देह आपल्याला दिसलाच नसता. गणवेश असताना ताठ आणि गणवेश गेल्यावर खचलेला तो देह बाहेरून पाहणे आवश्यक आहे. मुर्नाऊ दोन्ही गोष्टी करतात. ते आपल्याला म्हाताऱ्याकडे पाहायला लावतात आणि लगेच म्हाताऱ्याच्या जागी उभे करतात. शेजारीही त्याच्याकडे पाहतातच. पण त्यांना फक्त कोट दिसतो. कोट असला की सलाम, नसला की हसू. प्रेक्षकाला मात्र कोटाच्या आत उभे राहून बाहेरचे जग पाहावे लागते. त्यामुळे तो शेजाऱ्यांच्या हसण्यात सामील होऊ शकत नाही. पात्राचा दृष्टिकोन कॅमेऱ्याने देणे ही केवळ कारागिरी नाही. दुसऱ्याविषयी घाईने निवाडा करण्याची प्रेक्षकाची सवय ती मोडते. या चित्रपटाचे नैतिक बळ येथे आहे.

चित्रपटाच्या अखेरीस म्हाताऱ्याला अचानक वारसाहक्काने संपत्ती मिळते व तो त्याच हॉटेलात मेजवानी झोडतो. हा शेवट कथेच्या स्वभावाशी विसंगत आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ती एकमेव पाटीही हा शेवट लेखकाने दयेपोटी जोडल्याचे मान्य करते.

या काळात आल्फ्रेड हिचकॉक हा तरुण इंग्रज कलावंत त्याच स्टुडिओत कामासाठी आला होता. मुर्नाऊ यांना काम करताना त्याने जवळून पाहिले. पुढे ‘रिअर विंडो’ (१९५४) या चित्रपटात त्याने जवळजवळ सारी कथा एका जायबंदी माणसाच्या खिडकीतून दाखवली. शब्दांवाचून नजरेने कथा सांगण्याचा हा वारसा बर्लिनमधला होता.

४.३.५ अमेरिका आणि ‘सनराइज’

‘टार्टुफ’ आणि ‘फाउस्ट’ या चित्रपटांनंतर १९२६ साली विल्यम फॉक्स या निर्मात्याच्या निमंत्रणावरून मुर्नाऊ अमेरिकेस गेले. तेथील त्यांचा पहिला चित्रपट ‘सनराइज’ (१९२७). पटकथा पुन्हा कार्ल मायर यांची. छायालेखन चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस यांचे.

एक शेतकरी, त्याची पत्नी आणि शहरातून आलेली एक मोहक स्त्री यांची ही कथा. रात्री शेतकरी त्या स्त्रीला भेटण्यासाठी दलदलीतून जातो. कॅमेरा वरच्या रुळाला टांगलेला आहे. तो प्रथम शेतकऱ्याच्या मागून जातो, त्याच्याबरोबर वळतो, कुंपण ओलांडतो. मग शेतकरी चौकटीबाहेर जातो आणि कॅमेरा फांद्या बाजूला सारीत पुढे निघतो. आता आपण शेतकऱ्याच्याच डोळ्यांनी पाहत आहोत, असे वाटते. फांद्या दूर होतात आणि चंद्रप्रकाशात वाट पाहणारी ती स्त्री दिसते. ती वळून पाहते. आणि काही वेळाने शेतकरी स्वतःच बाजूने चौकटीत प्रवेश करतो. म्हणजे मधला काही काळ जी नजर आपण त्याची मानली, ती त्याची नव्हतीच! ती त्याच्या वासनेची नजर होती. देहाच्या आधी ती तेथे पोहोचली होती.

कादंबरीत तृतीयपुरुषी निवेदन चालू असताना निवेदकाची भाषा हळूच पात्राच्या मनाची भाषा होते आणि पुन्हा बाहेर येते, हे आपण मागे अभ्यासले आहे. तीच क्रिया येथे कॅमेऱ्याच्या एका अखंड हालचालीत घडते.

याच चित्रपटातील आणखी एक प्रसंग दोघांच्या समान नजरेचा आहे. पत्नीला मारण्याचा विचार पश्चात्तापाने सोडून दिल्यावर पती-पत्नी शहरात येतात, चर्चमध्ये एक विवाह पाहतात आणि पुन्हा एकमेकांचे होतात. हातात हात घालून ते रस्त्यावर येतात. वाहनांची गर्दी विरघळते आणि तिच्या जागी फुलांचे कुरण दिसू लागते. ते चालतच राहतात. मग कुरण नाहीसे होते आणि ते भर रस्त्यात उभे असतात. चारी बाजूंनी वाहने खोळंबली आहेत. दोन प्रतिमांच्या मिश्रणातून दोन मनांचे एक होणे येथे दिसते. त्याच वेळी रस्त्यावरील इतरांना ते दोघे कसे दिसत असतील, हेही आपल्याला कळते आणि हसू येते. या हसण्यात तुच्छता नाही.

१९२९ साली झालेल्या पहिल्या ऑस्कर समारंभात ‘सनराइज’ला कलात्मक चित्रपटाचा सन्मान मिळाला आणि छायालेखनाचा पुरस्कार रोशर व स्ट्रस यांना देण्यात आला. परंतु खर्चाच्या मानाने उत्पन्न झाले नाही. बोलपटाचे युग आले होते आणि आवाज टिपण्याच्या सोयीसाठी कॅमेरा पुन्हा काही काळ जखडला गेला. स्टुडिओचा हस्तक्षेप वाढत गेला. ‘फोर डेव्हिल्स’ हा पुढचा चित्रपट आज उपलब्ध नाही. ‘सिटी गर्ल’ पूर्णतः त्यांच्या मनाप्रमाणे प्रदर्शित होऊ शकला नाही.

४.३.६ अखेरचे दिवस

कंटाळून मुर्नाऊ यांनी हॉलिवूड सोडले आणि दक्षिण पॅसिफिकमधील ताहिती व बोरा बोरा या बेटांवर ते गेले. माहितीपटकार रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या सहकार्याने सुरू केलेला ‘टाबू’ हा चित्रपट अखेर मुख्यत्वे मुर्नाऊ यांनीच पूर्ण केला. स्थानिक माणसांना घेऊन केलेली ही प्रेमकथा आहे. समाजाच्या निर्बंधामुळे दोन तरुण जीव पळत राहतात आणि निर्बंध त्यांची पाठ सोडत नाही.

मुर्नाऊ यांच्या खासगी जीवनासंबंधी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ते समलिंगी होते आणि त्या काळच्या जर्मनीत पुरुषांमधील असे संबंध कायद्याने गुन्हा ठरत. लोकांच्या नजरेचा धाक काय असतो, हे ज्याला दररोज जाणावे लागते, त्याच्या चित्रपटांत पाहणे आणि पाहिले जाणे यांना इतके महत्त्व यावे, हे लक्षणीय आहे. परंतु त्यांची कला ही केवळ आत्मचरित्राची छाया होय, असे म्हणता येणार नाही.

‘टाबू’ प्रदर्शित होण्याच्या आठवडाभर आधी कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या रस्त्यावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला. ११ मार्च १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. बर्लिनजवळील श्टान्सडोर्फ येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. ‘टाबू’चे छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बी यांना पुढे ऑस्कर मिळाले, ते पाहायला दिग्दर्शक उरला नव्हता.

४.३.७ महाराष्ट्राशी एक दुवा

जर्मन स्टुडिओंच्या या परंपरेशी मराठी चित्रपटसृष्टीचाही संबंध आला. १९३३ साली ‘सैरंध्री’ या प्रभातच्या चित्रपटाच्या रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम जर्मनीस गेले होते. तेथून परतल्यावर त्यांनी पुण्यात ‘अमृतमंथन’ (१९३४) केला. छायालेखन केशवराव धायबर यांचे होते. त्यातील राजगुरूच्या एका डोळ्याचे पडदाभर निकटदृश्य विशेष गाजले. मुर्नाऊ यांच्या अक्षरे धूसर होणाऱ्या पत्राशी या डोळ्याची तुलना करावी. ‘अमृतमंथन’मध्ये आपण पाहणारा डोळा पाहतो आणि त्याच्या धाकाखाली येतो. मुर्नाऊ यांच्या पत्रात आपण डोळ्याने पाहिलेले पाहतो आणि त्या डोळ्याच्या मालकाचे दुःख आपले होते. पहिल्यात आपण पात्रासमोर असतो, दुसऱ्यात पात्राच्या आत. छायालेखनाचे विश्लेषण करताना हा भेद नेहमी तपासावा.

४.४ सारांश

मुर्नाऊ (१८८८–१९३१) यांनी चित्रकलेतून चौकट, रंगभूमीतून प्रकाश आणि अभिनय घेतला व त्यांना कॅमेऱ्याच्या गतीची जोड दिली. ‘नोस्फेराटू’ आणि ‘फँटम’मध्ये त्यांनी भयाने व ध्यासाने बदललेली नजर दाखवली. ‘शेवटचा माणूस’मध्ये धूसर अक्षरे, कोसळणारी इमारत, फिरणारी खोली व हसणारी तोंडे यांतून एका अपमानित वृद्धाचे मन पाट्यांवाचून उलगडले. ‘सनराइज’मध्ये निवेदकाची नजर आणि पात्राची नजर एकाच हालचालीत मिसळली. पात्राच्या डोळ्यांच्या जागी कॅमेरा ठेवणे हा दृष्टिकोनाचा केवळ प्रारंभ आहे. पात्राकडे पाहणे आणि पात्राच्या आतून पाहणे यांचा मेळ साधल्यावरच प्रेक्षक त्या पात्राला न्याय देऊ शकतो, हे त्यांच्या कार्यातून दिसते.

४.५ पारिभाषिक शब्द

दृष्टिकोन : ज्या पात्राच्या वा निवेदकाच्या जाणिवेतून कथा वाचकापर्यंत अथवा प्रेक्षकापर्यंत पोहोचते, ती भूमिका.
निकटदृश्य : चेहरा, डोळा किंवा एखादी वस्तू अगदी जवळून दाखवणारे दृश्य, क्लोज-अप.
प्रतिमा-मिश्रण : एका प्रतिमेवर दुसरी प्रतिमा छापून दोन्ही एकाच वेळी दाखवण्याची पद्धत.
बंधमुक्त कॅमेरा : तिपाईवर स्थिर न ठेवता चालता, झुलता किंवा सरकता ठेवलेला कॅमेरा.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. मुर्नाऊ यांचे मूळ आडनाव काय होते?
२. ‘शेवटचा माणूस’ या चित्रपटाचे छायालेखक कोण होते?
३. ‘सनराइज’मधील दलदलीच्या प्रसंगात कॅमेरा कशाला टांगलेला होता?

ब) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. ‘कालिगारी’ व मुर्नाऊ यांचे चित्रपट यांतील विकृतीच्या चित्रणाचा भेद स्पष्ट करा.
२. ‘शेवटचा माणूस’ हा संपूर्ण चित्रपट म्हाताऱ्याच्याच डोळ्यांतून दाखवला असता, तर काय गमावले असते?

क) स्वाध्याय
आपण पाहिलेल्या कोणत्याही मराठी चित्रपटातील एक प्रसंग निवडा. त्यात कॅमेरा पात्राकडे केव्हा पाहतो आणि पात्राच्या नजरेने केव्हा पाहतो, हे दृश्यक्रमाने लिहा. त्या बदलामुळे पात्राविषयीचे आपले मत कसे बदलले, तेही सुमारे २०० शब्दांत मांडा.